दोन ठिकाणी सापडलेली केबिन

हिरेमठ सर ओरडले की विद्यापीठाचं इंटरनेट सुरू व्हायचं.

थट्टा करत नाही. वीस वर्षं होऊन गेली, पण माझ्या वहीत तारीखवार नोंद आहे. त्या वर्षी दसऱ्याची सुट्टी संपली आणि टेकडीवरच्या आमच्या विद्यापीठात रोज साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास सगळ्या विभागांतलं इंटरनेट एकदम बंद पडायला लागलं. पाच-सात मिनिटं गेली की संगणक केंद्राच्या वरच्या मजल्यावरून हिरेमठ सर दाणदाण जिना उतरायचे, खालच्या हॉलच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि गरजायचे, "मुजावर! काय चाललंय काय?"

तहसीन मुजावर ही केंद्राची एकमेव इंजिनिअर. ती मान खाली घालून वायरी चाचपायची, सर बोलत राहायचे, आणि जरा वेळानं भिंतीवरच्या, वायरी जोडणाऱ्या डब्यांचे हिरवे दिवे पुन्हा शहाण्यासारखे लुकलुकायला लागायचे.

"बघितलंत?" त्या दिवशी सर माझ्याकडे वळून म्हणाले. मी दारात हातात कागद घेऊन उभी होते. "मी येऊन उभा राहिलो की चालतं. यंत्राला धाक लागतो, बाई. माणसासारखंच आहे ते."

"होय सर," मी म्हटलं आणि मनातल्या मनात घड्याळ बघून ठेवलं. अकरा अठ्ठेचाळीस. ही माझी जुनी खोड. कोण किती वाजता आलं, कुणाच्या कपात साखर किती, कोण कुणाला बघून वाट बदलतो, हे सगळं मी लिहून ठेवते. कशासाठी, ते मला विचारू नका. काही जण टपाल तिकिटं गोळा करतात, तसंच.

"तुम्ही काय आणलंय?"

मी कागद पुढे केला. कुलसचिव बाबर साहेबांची चिठ्ठी होती. तिच्यामागचं सकाळचं आधी सांगते.

मी शालन मगदूम, बांधकाम विभागात अनुरेखक. म्हणजे इमारतींच्या नकाशांच्या प्रती पारदर्शक कागदावर हातानं काढणारी. त्याआधी नऊ वर्षं जमीन मोजणी खात्यात होते, शेताशिवारांचे नकाशे काढायला. त्या सकाळी मला पत्र मिळालं होतं: नकाशे आता संगणकावर निघत असल्यानं अनुरेखकाचं पद अतिरिक्त ठरलं आहे, एक तारखेपासून मुलींच्या वसतिगृहाच्या भांडारात रुजू व्हावं. माझं टेबल, माझ्या शाईच्या निबा, अठरा वर्षांचा हात, सगळं सोडून डाळ-तांदळाची पोती मोजायला जायचं. मी पत्र घेऊन थेट बाबर साहेबांकडे गेले.

बाबर साहेबांना तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते समोरच्याला न जमणारं काम सांगत, म्हणजे नाही आपोआप होऊन जाई.

"बसा की ओ मगदूम बाई," ते म्हणाले. "तुमचं पद मी ठेवतो. पण पद ठेवायला काम दाखवाय लागतं. एक काम हाय. बाराव्या दिवशी तपासणी समितीच्या आधीची रंगीत तालीम हाय. समितीनं आपल्या इंटरनेटच्या जाळ्याचा नकाशा मागितलाय. कुठनं कुठं काय जातं आणि रोज कुठं बिघडतं, हे एका कागदावर दाखवा, एवढंच. हिरेमठांनी कसलातरी चेंडू दाखवला मला. काय कळंना."

"मला इंटरनेटमधलं काही कळत नाही, साहेब."

"नकाशातलं कळतंय न्हवं? झालं तर मग."

म्हणजे बारा दिवसांत नकाशा, नाहीतर भांडार. चिठ्ठी घेऊन मी संगणक केंद्रात आले ती अशी.

हिरेमठ सरांनी चिठ्ठी वाचली आणि ते मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. मूळचे पदार्थविज्ञानाचे, केंद्राचा कारभार त्यांच्याकडे जादा. साडेअकराला वर केबिनमध्ये येणार, तासाभराच्या आत, परत वर न जाता, खालूनच पदार्थविज्ञान विभागाकडे निघून जाणार. बाकी काटेकोर. खोलीतून निघताना दाराजवळचं, सगळ्या खोलीच्या विजेचं मोठं बटण बंद केल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाहीत. वीज वाचवण्याचं परिपत्रकच त्यांनी काढलेलं, केंद्रात सात ठिकाणी चिकटवलेलं. पण आपल्याला सोडून दुसऱ्या कुणालाही काही कळतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"सायबरस्पेसचा नकाशा? हातानं?" ते म्हणाले. "बाई, तिथं जागाच नसते. जमीन नाही, बांध नाही, हद्दीचा दगड नाही. मोजणीची साखळी कुठं टाकणार तुम्ही?"

मग त्यांनी खालच्याच एका संगणकावर आपला गोळा उघडून दाखवला. परदेशी सॉफ्टवेअर होतं. काळ्या आभाळात झगमगता निळा गोळा संथ फिरत होता, त्यावर हजार ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि मधोमध सूर्यासारखं पिवळंधमक संगणक केंद्र.

"हे आपलं आभासी विद्यापीठ. याच्यापुढं तुमचा कागद काय करणार?"

"छान आहे, सर," मी म्हटलं. "यात बिघाड कुठं दिसतो?"

गोळा फिरत राहिला. सरांनी घड्याळात बघितलं आणि ते पदार्थविज्ञानाकडे निघून गेले.

त्यांची पाठ वळल्यावर तहसीन म्हणाली, "ताई, त्यात बिघाड दिसणारच नाही. जो डबा हाकेला ओ देतो, तेवढाच तो गोळा काढतो. आपल्याकडं निम्मे डबे मुके आहेत. स्वस्तातले. वायरी जोडतात, पण विचारलं तर बोलत नाहीत."

"हाक म्हणजे?"

तिनं दाखवलं. एका संगणकावरून दुसऱ्याला हाक मारायची. तो ओ देतो, आणि हाक वाटेत किती दारं ओलांडून गेली तेही सांगता येतं. समोरच्या इमारतीतलं अर्थशास्त्र पन्नास पावलांवर, पण हाक दोन दारं ओलांडून गेली. टेकडीच्या पार खालचं अतिथिगृह मात्र एकाच दारात.

"म्हणजे इथं लांब-जवळ फुटांत नाही, दारांत मोजायचं," मी म्हटलं.

"असं कधी कुणी म्हटलं नव्हतं," तहसीन म्हणाली. "पण हो."

माझं निम्मं भय तिथंच गेलं. माप मिळालं की नकाशा होतो.

"आणि हे बोलके डबे, त्यांना शेजारी विचारता येतात?"

"येतात की. कुठल्या भोकात कोण जोडलंय, सगळं सांगतात. प्रत्येक संगणकाला कारखान्यातनंच एक आकडा लागलेला असतो. जन्मखुणेसारखा. तो बदलत नाही."

"मग मुक्यांची काळजी नको," मी म्हटलं. "मोजणीला गेलं आणि एखादा खातेदार गैरहजर असला तर आम्ही काय करत होतो माहीत आहे? त्याच्या पूर्वेच्याला विचारायचं, पश्चिमेच्याला विचारायचं, दक्षिण-उत्तरेच्याला विचारायचं. तुझी हद्द कुठं संपते? चौघांनी आपापली हद्द दाखवली की मधे जे उरतं ते गैरहजराचं. तो नसला तरी त्याचं शेत नकाशावर येतं."

तहसीननं माझ्याकडे बघितलं. "आणि चौघांपैकी एखादा खोटं बोलला तर?"

"म्हणून तर दोन्ही बाजूंचा जबाब घ्यायचा. 'अ'नं सांगितलं माझा शेजारी 'ब', तर 'ब'लाही विचारायचं. दोघांचं जुळलं नाही की तिथं खूण करायची. भांडण तिथंच असतं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी फिरायला लागलो. ती डब्यांचे जबाब घ्यायची, मी माणसांचे.

कागदोपत्री जाळं फार सोपं होतं. केंद्रातून प्रत्येक विभागाला एक वायर, सूर्याच्या किरणांसारखी. सरांच्या गोळ्यातही तसंच. प्रत्यक्षात वायरी गेल्या होत्या माणसांच्या संबंधांवरून. वाचनालयाची वायर खरी, केंद्रातून आलेली. अर्थशास्त्राची खोदकामात तुटली, तर अर्थशास्त्राच्या शिंत्रे बाईंनी ग्रंथपालबाईंकडून खिडकीतून ओढून घेतली, कारण दोघी एकाच रिक्षेनं यायच्या. मराठी विभागाच्या शेजारीच हिंदी विभाग, पण मराठीनं वायर घेतली होती लांबच्या भूगोलाकडून. हिंदीशी एका खुर्चीवरून बोलणं बंद होतं. वनस्पतिशास्त्रानं कॅन्टीनला दिली होती आणि बदल्यात चारचा चहा वेळेवर येत होता.

"ताई, हा इंटरनेटचा नकाशा आहे का चहाचा?" तहसीन म्हणाली.

"एकच आहे," मी म्हटलं. माझ्या वहीत कोण कुणाबरोबर चहा पितं हे आधीपासून होतं. पाचव्या दिवशी तर असं झालं, की मी अंदाज सांगायचा आणि तिनं डब्याला विचारून खरं करायचं. तेरांपैकी अकरा बरोबर आले.

सातव्या दिवशी आम्ही सांख्यिकी विभागात गेलो. त्यांची वायर अर्थशास्त्राकडून आलेली. विभागप्रमुख पाटोळे सर टेबलावर जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"आमच्याकडनं पुढं कुणालाही दिलेली नाही," विचारायच्या आधीच ते म्हणाले.

आता, जो न विचारता उत्तर देतो त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बसते. तहसीननं त्यांच्या भिंतीवरच्या डब्याचा जबाब काढला. सातव्या भोकातून एक वायर बाहेर जात होती. ती खिडकीच्या गजाला बांधलेली, तिथून गुलमोहरात आणि पानांत दिसेनाशी. वायरीवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती आणि गजाला झेंडूची वाळकी माळ.

"ही कसली, सर?"

"कपडे वाळत घालायची," पाटोळे सर म्हणाले.

सांख्यिकी विभागात कपडे कोण वाळत घालतं, हे मी विचारलं नाही. माळ मात्र वहीत लिहून घेतली. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक विभागात यंत्रांची पूजा होते. शिपाई दिसेल त्या यंत्राला, डब्याला, वायरीला हळदकुंकू लावत जातो. म्हणजे ही वायर खंडेनवमीला तिथं होती. आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसापासून बिघाड सुरू झाला होता.

आणखी एक गोष्ट लिहिली. पाटोळे सरांच्या जेवणाच्या डब्याची पिशवी जांभळी, तिच्यावर कशिद्याचा मोर. ती पिशवी मी कुठंतरी बघितली होती.

नवव्या दिवशी सगळे जबाब माझ्या टेबलावर होते. मोठा पारदर्शक कागद ताणून बसवला आणि नकाशा काढायला घेतला. इमारती, रस्ते, टेकडी काहीच काढायचं नव्हतं. मधे केंद्र. एका दारावरचे सगळे पहिल्या कड्यावर, दोन दारांवरचे दुसऱ्या, तीनवाले तिसऱ्या. बोलक्या डब्याला भरीव ठिपका, मुक्याला पोकळ. ज्याचे शेजारी त्याच्याजवळ. रेषा एकमेकींना कापायला लागल्या की पुसायचं, फिरवायचं, पुन्हा मांडायचं. तीन कागद फाडले. चौथ्यावर विद्यापीठ उमटायला लागलं, आणि ते कुणी कधी बघितलेलं विद्यापीठ नव्हतं. वाचनालयाच्या फांदीला सगळी एकमेकांशी पटणारी मंडळी लटकलेली, भूगोलाच्या फांदीला रुसलेले, आणि पदार्थविज्ञान एकटंच कोपऱ्यात.

तहसीन आकडे वाचत होती, मी जन्मखुणा टिपत होते. अचानक ती थांबली.

"ताई, सांख्यिकीच्या सातव्या भोकामागं कोण आहे, परत वाचते." तिनं आकडा वाचला.

मी माझ्या यादीवर बोट फिरवलं. "हा आकडा मी मघाशीच बसवलाय. पहिल्या कड्यावर. केंद्राला चिकटून."

"चुकून दोनदा लिहिला असेल."

"तू वाच, मी बघते." तिनं वाचला. तोच. केंद्राचा डबा म्हणत होता, हा संगणक माझा शेजारी. सांख्यिकीचा डबा म्हणत होता, माझा शेजारी. दोघंही खरं बोलत होते. एक खोली माझ्या नकाशावर दोन ठिकाणी येत होती: एकदा केंद्रापासून एका दारावर, आणि एकदा वाचनालय, अर्थशास्त्र, सांख्यिकी असं करत पार चौथ्या कड्यावर. मी दोन्ही जागी लाल शाईनं ठिपका दिला.

"कुणाचा आहे हा संगणक?"

तहसीननं तिच्या यादीत बघितलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हिरेमठ सरांचा. वरची केबिन."

जांभळी पिशवी मी कुठं बघितली होती ते मला तेव्हा आठवलं. हिरेमठ सरांच्या हातात.

हिरेमठ सर आणि पाटोळे सर साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पण विद्वत्सभेत दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलणं नाही, हे सगळ्या टेकडीला माहीत होतं. एक आला की दुसरा उठून जायचा. म्हणून त्या दोन खोल्यांत वायर असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. पण अबोला साडूंचा होता, बहिणींचा नव्हता. मंगळवारी मोठीकडून जेवणाचे दोन डबे यायचे, शुक्रवारी धाकटीकडून. एकाच कापडाच्या दोन पिशव्या.

"पण सरांना दुसरी वायर कशाला?" तहसीन म्हणाली. "सगळं इंटरनेट त्यांच्याच हातात आहे!"

"त्यांचा त्याच्यावर विश्वास नसेल," मी म्हटलं. "खंडेनवमीच्या आधीही अधूनमधून बंद पडायचं ना? केंद्राची वायर गेली तर मेव्हणीच्या नवऱ्याची असावी. आता मला हे सांग, दोन्ही वायरी एकाच मुक्या डब्यात घातल्या तर काय होतं?"

तहसीननं माझ्या नकाशावर बोट ठेवलं आणि केंद्र, वाचनालय, अर्थशास्त्र, सांख्यिकी, केबिन आणि पुन्हा केंद्र असं ते फिरवलं. एकदा फिरवलं. दोनदा. तिसऱ्यांदा ती हसायलाच लागली. "ताई, तुमची वही काढा. बंद पडायच्या वेळा वाचा."

मी वाचल्या. अकरा पस्तीस. अकरा चाळीस. अकरा बत्तीस. एका शनिवारी काहीच नाही. सर पुण्याला गेले होते. आणि सुरू व्हायच्या वेळा: सर जिना उतरल्यावर. म्हणजे दाराजवळचं मोठं बटण बंद करून.

"सर येतात, बटण लावतात, डबा सुरू होतो, विद्यापीठ बंद पडतं," तहसीन मोजत गेली. "सर चिडतात, बटण बंद करतात, खाली येऊन मला झाडतात, तोवर विद्यापीठ सुरू होतं. एक महिना, ताई! मी एक महिना बोलणी खाल्ली!"

दुसऱ्या दिवशी मी रीतसर सांगायला गेले. मोजणीत लगतच्या खातेदाराला नोटीस दिल्याशिवाय नकाशा पक्का करायचा नसतो. सर जिन्यातच भेटले.

"सर, नकाशात तुमच्या केबिनबद्दल एक—"

"मगदूम बाई, जे काय आहे ते तालमीला सगळ्यांसमोर बोला," सर म्हणाले. "मलाही ऐकायचंय."

नोटीस दिली, अशी मी वहीत नोंद केली.

तालीम संगणक केंद्राच्या खालच्या हॉलमध्ये होती. बाबर साहेब मधोमध, सगळे विभागप्रमुख खुर्च्यांवर, पाटोळे सर मुद्दाम शेवटच्या रांगेत. भिंतीवर मोठा पडदा. सरांचा ताजा, सुधारलेला गोळा त्यांच्या वरच्या केबिनमधल्या संगणकावर होता. तिथून तो खाली पडद्यावर यायचा होता. त्यामुळे वीज वाचवण्याच्या परिपत्रकाला त्या दिवशी सुट्टी होती. केबिनचं मोठं बटण सुरू ठेवून सर खाली आले.

गोळा पडद्यावर अर्धा उमटला आणि थांबला. सूर्याचा एक तुकडा आणि आठ-दहा ठिपके.

सगळ्या हॉलनं एकमेकांकडे बघितलं. "आमचंबी गेलं," कुणीतरी फोनवरून ऐकून सांगितलं.

सर दारात गेले, वळले, कमरेवर हात ठेवले. "मुजावर! काय चाललंय काय?"

सगळे भिंतीवरच्या दिव्यांकडे बघायला लागले. सवयच होती. दिवे वेड्यासारखे फडफडत होते.

"मुजावर!" सर पुन्हा ओरडले. जोरात. मग एकदा खालच्या आवाजात, समजुतीनं. दिवे काही ऐकेनात. महिन्याभरात पहिल्यांदाच धाक फसला होता. सरांचा चेहरा बघून मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

"मगदूम बाई," बाबर साहेब म्हणाले, "तुमचं काय बंद पडलंय काय?"

"माझा कागद आहे, साहेब. त्याला वीज लागत नाही."

मी नकाशा टेबलावर पसरला. लोक खुर्च्या सोडून जवळ आले. "हे आमचं? इतकं लांब?" "ही भूगोलाची वायर मराठीला? कुणी दिली?" दोन मिनिटं नुसता गलका. प्रत्येकाला आपलं घर सापडत होतं आणि त्याहून जास्त दुसऱ्याचं. चारच्या चहाचं गुपित फुटलं तेव्हा वनस्पतिशास्त्राचे प्रमुख छताकडे बघायला लागले.

"बिघाड कुठं हाय?" बाबर साहेबांनी विचारलं.

"साहेब, या दोन लाल ठिपक्यांवर कुणाचं नाव आहे ते वाचा."

त्यांनी चष्मा सरकवला. "हिरेमठ, केबिन. आणि हितंबी... हिरेमठ, केबिन. एक खोली दोन ठिकाणी? लिहायला चुकलाय तुम्ही."

"मीही तेच म्हणतोय," सर उसळले. "बाई, शेताचा नकाशा असता तर एक शेत दोनदा दाखवलं असतंत का?"

"नसतं दाखवलं, सर. म्हणून आता हे एकत्र आणूया. साहेब, कागद असा वळवा, की लाल ठिपक्यावर लाल ठिपका येईल."

बाबर साहेबांनी आपल्या जाड बोटांनी कागद हळूच वळवला. पारदर्शक कागदातून खालचा ठिपका वर दिसला आणि बरोबर बसला. कागदाची नळी झाली. केंद्रातून निघालेली रेषा वाचनालय, अर्थशास्त्र, सांख्यिकीवरून फिरून परत केंद्राला मिळाली.

"हे कडं झालं," ते म्हणाले.

"यात सोडलेली हाक बाहेर कुठून पडणार?"

बाबर साहेबांनी कड्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "कुठनं पडणार? फिरतच बसणार की. एकामागं एक. सगळ्यांची वाट अडवून." त्यांचं बोट थांबलं. "आयला."

"वर जाऊया," मी म्हटलं.

निम्मा हॉल जिना चढला. सरांच्या टेबलाखाली, कागदाच्या टोपलीमागं, एक पांढरा मुका डबा वेड्यासारखा लुकलुकत होता. त्यात तीन वायरी. एक संगणकाकडे जाणारी. एक केंद्राची. आणि एक खिडकीतून गुलमोहराकडे गेलेली, जिच्यावर हळदकुंकवाची बोटं होती.

तहसीन गुडघ्यांवर बसली, तिनं ती वायर दोन बोटांत धरली आणि सरांकडे बघितलं. "सर, काढू?"

सरांनी मान डोलावली.

तिनं ओढली. डब्याची फडफड थांबली. टेबलावरचा फोन वाजला, मी उचलला. खाली थांबलेले बाबर साहेब एवढ्या जोरानं बोलत होते, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती: "फिरतोय! ओ बाई, चेंडू फिरतोय!"

खालून टाळ्या ऐकू आल्या आणि मग वरचेही वाजवायला लागले. तहसीन उठून उभी राहिली आणि तिनं मला सगळ्यांदेखत मिठी मारली. त्या गर्दीत मागून पाटोळे सर पुढे आले, सहा वर्षांत पहिल्यांदा साडूंच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "तरी मी बहिणींकरवी तुला निरोप दिला होता, एका डब्यात दोन्ही घालू नकोस."

"तू सांगितलंस?" हिरेमठ सर म्हणाले. "तुझा निरोप आला, घाल काही होत नाही!"

सहा वर्षांचा अबोला तिथं सुटला तो आजतागायत सुटलेलाच आहे.

खाली आल्यावर बाबर साहेबांनी माझ्या हातातलं भांडाराचं पत्र मागून घेतलं, त्याच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. अनुरेखकाचं पद ठेवावं, आणि जाळ्याचा नकाशा दरवर्षी खंडेनवमीला नव्यानं काढावा. पुढची चौदा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मी तो काढला. पहिली सहा वर्षं तहसीन आकडे वाचायची. नंतर ती केंद्राची प्रमुख झाली, तरी त्या एका दिवशी येऊन वाचायचीच.

समिती आली, तेव्हा गोळाही फिरला आणि नकाशाही भिंतीवर होता. समितीचे लोक गोळ्यापुढे एक मिनिट थांबले आणि नकाशापुढे पाऊण तास.

त्याच्या आदल्या दिवशीचं मात्र राहिलं. मी नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात पक्क्या शाईनं नावं घालत होते. मोजणी करणार, तहसीन मुजावर. नकाशा काढणार, शालन मगदूम. तपासणार म्हणून बाबर साहेबांची जागा सोडली होती. हिरेमठ सर येऊन मागे उभे राहिले. जरा वेळ खाकरले.

"मगदूम बाई, केंद्राचा प्रमुख म्हणून... माझंही नाव यावर कुठंतरी यायला हवं, असं नाही का वाटत तुम्हाला?"

"आहे की, सर," मी निब न उचलता म्हटलं. "दोनदा."